वारा सुटल्यावर

दार आपटलं. बस, एवढंच झालं. नॉरवुडमधल्या एका अनोळखी बाईच्या दिवाणखान्यात मोर्वेना स्टुलावर उभी राहून पडद्यांसाठी खिडकीचं माप घेत होती, टेपचं दुसरं टोक खाली, तिच्याबरोबर पडद्यांच्या दुकानात काम करणाऱ्या दिमित्राच्या हातात होतं, आणि मागच्या अंगणाकडचं जाळीचं दार वाऱ्यानं उघडून धाडकन आपटलं. परत उघडलं, परत आपटलं. मोर्वेनाच्या हातून टेप सुटली आणि सळसळत जाऊन दिमित्राच्या बोटावर बसली.

"अगं ए," दिमित्रा बोट तोंडात घालून म्हणाली, "उजवा हात एकच आहे मला."

"सॉरी. दार आपटलं."

"मग? उत्तरेचा वारा सुटलाय, आज अख्ख्या अ‍ॅडलेडची दारं आपटतायत. प्रत्येक दाराला माझं एकेक बोट देणारेस का? किती आलं माप?"

मोर्वेनाला माप आठवेना. आत्ता तर वाचलं होतं. ती खिडकीकडे बघत राहिली, खिडकीबाहेर लिंबाचं झाड वाऱ्यानं पार वाकलं होतं, आणि दार मागे आपटतच होतं, जरा थांबायचं, मग आपटायचं, कुणीतरी काही सांगायला यावं आणि उंबऱ्यावरून परत फिरावं तसं.

"तू माप सांगत नाहीयेस," दिमित्रा म्हणाली. ती खालून तिच्याकडे नीट बघायला लागली होती. "एरवी दोन-दोनदा सांगून डोकं उठवतेस माझं. एकशे ऐंशी, एकशे ऐंशी. आज एकदाही नाही? उतर बघू खाली. चेहरा फेटा चीजसारखा पांढराफटक झालाय तुझा. जा, गाडीत बस जाऊन. उरलेल्या खिडक्या मी बघते, बाईसाहेबांना सांगते की मैत्रिणीनं सकाळी काही खाल्लं नाही. खरं म्हणजे तू नाहीच खाल्लंयस. येताना खिमा भरलेली पास्टी आणते."

मोर्वेना उतरली. जाताना तिनं मागचं दार ओढून घेतलं, कडी लावली, ती लागली की नाही ते हलवून पाहिलं, आणि बाहेर येऊन दुकानाच्या गाडीत काचा वर करून बसली. आता काही ऐकू येत नव्हतं. पण आपटण्याचं असं असतं ना, की एकदा ते कानात शिरलं की पुढचं कधी येणार याची आपण आतून वाट बघत बसतो. ती वाट बघत बसली. आणि वाट बघता बघता तिला कळलं की हे इथलं दार नाहीच. हे कॉवेलचं दार आहे. आणि ते तिनं तिथं उभं राहून ऐकलेलं नाही. फोनमध्ये ऐकलंय.

हे तिला आत्तापर्यंत माहीतच नव्हतं, असं कसं म्हणायचं? माहीत होतं. नुसतं त्याच्याकडे कधी बघितलं नव्हतं.

कॉवेल म्हणजे तिचं गाव, आखाताच्या पलीकडे, आणि तिचा बाप, क्लेम ट्रेझाइझ, तिथला टॉवरवाला. गावामागच्या टेकडीवर टॉवर होता, टॉवरवर एकाखाली एक अशा दोन मोठ्या डिश, दोघींची तोंडं पाण्याकडे, पाण्यापलीकडच्या तसल्याच दुसऱ्या टॉवरकडे. गावातला कुठलाही फोन तारेतून टेकडी चढायचा आणि मग पाण्यावरून हवेतनं उडी मारायचा. मध्ये काही नाही, नुसती हवा. आणि तीच तर भानगड. उन्हाळ्यात सकाळी, पान हलत नसलं, समुद्र गार आणि वरची हवा तापलेली असली, की हवेचे थर लागतात, एकावर एक, घडी घालून ठेवलेल्या चादरींसारखे, आणि मग टॉवरनं सोडलेलं सरळ जात नाही. थोडं वरच्या थराला लागून वाकतं, थोडं पाण्याला लागून उसळतं, एकच निरोप दोन वाटांनी निघतो, एक जरा लवकर पोचतो, एक जरा उशिरा, आणि पोचल्यावर दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. बाकीचे लोक त्याला फेडिंग म्हणायचे. ट्रेझाइझांच्या घरात म्हणायचे, हवा गिळतेय.

लहानपणी मोर्वेना अशा सकाळी बापाबरोबर टेकडीवर जायची. एरवी कधी न दिसणारा पलीकडचा किनारा त्या दिवशी समुद्रातून वर उचलल्यासारखा दिसायचा, गव्हाच्या उंच उंच कोठारांसकट, आणि त्याच्या खाली त्याचाच उलटा किनारा लोंबायचा. तिला वाटायचं किती जवळ आलं सगळं. "पलीकडचं दिसायला लागलं ना," क्लेम म्हणायचा, "की समजायचं, आता ऐकू येणार नाही." नवीन पोरं कामावर लागली की अशा दिवशी घाबरून टॉवरवर चढायची आणि डिश इकडे फिरव, तिकडे फिरव करायची, चांगली बसवलेली डिश बिघडवून ठेवायची. क्लेम खालून ओरडायचा, हात लावू नकोस तिला, तिचं काही चुकलेलं नाही. थांब. वारा सुटू दे. वारा सुटला की थर मोडतात आणि सगळं आपलं आपण जागेवर येतं. मोर्वेनाला हे शाळेतल्या पाढ्यांच्या आधी पाठ होतं. गेलं असं वाटलं तर हात लावायचा नाही, थांबायचं. वारा असला तर हवा गिळत नाही. कधीच नाही.

आणि म्हणूनच त्यांच्याकडे महत्त्वाचं सगळं दोनदा बोलायची सवय. क्लेम पलीकडच्या टॉवरवर गेला की तिथनं फोन करायचा, "गुरुवारी येतो. गुरुवारी." पहिलं गिळलं तर दुसरं पोचेल. मग ती सवय फोनमधनं घरात आली. एव्हिस, म्हणजे आई, जेवायला वाढताना म्हणायची, "मासा गरम आहे. मासा गरम." कुत्रा मेला तेव्हासुद्धा शाळेच्या फाटकाशी येऊन तिनं दोनदाच सांगितलं होतं, बोसन गेला, बोसन गेला, आणि दुसऱ्यांदा म्हणताना तिची स्वतःचीच हनुवटी थरथरली होती. मैत्रिणी हसायच्या. एव्हिसच्या मते तर क्लेमनं लग्नाचंही दोनदाच विचारलं होतं. "पहिल्यांदा ऐकलं होतं मी," ती सांगायची, "पण म्हटलं, बघू, परत विचारतोय का. हवेवर ढकलता येतं ना." आणि क्लेम पेपराआडून म्हणायचा, "तिसऱ्यांदा विचारणार नव्हतो." "विचारलं असतंस." "नसतं." "असतंस." ते दोघं असं कितीही वेळ चालू ठेवू शकायचे.

गाडीच्या काचेवर धूळ येऊन बसत होती. समोरच्या घराचा कचऱ्याचा डबा आडवा झाला आणि रस्त्यावरनं गडगडत निघाला. मोर्वेना त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या हातांना फोनची ती जुनी वायर जाणवत होती, वेटोळ्यांची, पिवळट, भाड्याच्या घरातल्या स्वयंपाकघरातली. तेव्हा ती नुकतीच अ‍ॅडलेडला आली होती. चार पोरी एका घरात, बाथरूम एक. केस ओले होते, पाठीवर पाणी ठिबकत होतं, बस चुकणार होती, पडद्यांच्या दुकानातला पहिलाच आठवडा होता, आणि फोन वाजला. आई. आई सकाळी कधी फोन करायची नाही.

"मोरू," ती म्हणाली.

"मम, मी निघालेय. काय गं?"

"मोरू, ते आपलं... ते पांढरं..."

"काय पांढरं?"

मग काहीच नाही. मग, "...हातात येत... ते..." मग परत काहीच नाही. आणि मग आईनं घरच्या रीतीप्रमाणे परत पहिल्यापासून सुरू केलं, दुसऱ्यांदा, सावकाश, आणि दुसऱ्यांदा पहिल्यापेक्षाही कमी आलं. "पांढरं... मोरू... नाही."

आदल्या वर्षीच टॉवरवर नवी यंत्रं बसली होती. जुन्या यंत्रांवर हवा गिळायला लागली की फोनमध्ये आधी चरचर यायची, तव्यावर सॉसेज टाकल्यासारखी, म्हणजे कळायचं. नवीन यंत्रांवर चरचर नाही. क्लेम कौतुकानं सांगत सुटला होता सगळ्यांना, हे यंत्र शब्द देतं तर अख्खा देतं, नाहीतर अख्खा खातं, मधलं काही नाही. तेव्हा मोर्वेनाला काही विचार करावाच लागला नाही. शब्द आहेत, मध्ये भोकं आहेत, चरचर नाही. एवढं ओळखता आलं नाही तर टॉवरवाल्याची मुलगी कसली.

"मम, हवा गिळतेय तुला," ती म्हणाली. "अर्धं पोचत नाहीये. ठेव आता. वारा सुटल्यावर फोन कर. वारा सुटल्यावर."

आणि आई म्हणाली, "बरं."

तो शब्द अख्खा आला. स्वच्छ, गोल. मग फोन ठेवल्याचा आवाज. मोर्वेनाला बस मिळाली. दुपारी दुकानात तिच्यासाठी फोन आला तेव्हा ती धावतच गेली, म्हणाली, "सुटला का वारा?" पलीकडे बाप होता.

हे एवढं तिला नेहमी आठवायचं. सात वर्षं ती हे असंच आठवत आली होती, आणि ह्यात दुःख होतं, पण एक आधारसुद्धा होता. हवेनं गिळलं. हवेपुढे कोणाचं काय चालतं? मेंदूत रक्त साकळलं होतं, डॉक्टर म्हणाले वेळेवर आणलं असतं तर वाचली असती. पण मोर्वेनाला कसं कळणार होतं? हवा गिळत होती. ती नातेवाइकांना तसंच सांगायची, आणि ते मान हलवायचे, तिच्या दंडावर हात ठेवायचे. बिचारी. नेमकी त्याच सकाळी हवा तशी असावी.

पण दार आपटत होतं.

त्या फोनमध्ये, आईच्या पाठीमागे, स्वयंपाकघराचं जाळीचं दार आपटत होतं. "ते पांढरं," आणि धाड. मग आईचं काहीच नाही, आणि त्या काहीच नसण्यातसुद्धा धाड, पूर्ण, कडा न तुटलेला, आणि त्याच्यामागे स्प्रिंगचं ते किरकिरणंसुद्धा. हवा गिळते तेव्हा सगळं गिळते. तिला काय आईचा आवाज ओळखू येतो? ती दार ठेवून आईला कशी खाईल? आणि दार आपटत होतं म्हणजे वारा होता. आणि वारा असला तर. मोर्वेनानं गाडीच्या डॅशबोर्डवर दोन्ही तळवे टेकले. अजून काहीतरी होतं, ह्याच्या खाली, ते आता वर येत होतं, त्या उचललेल्या किनाऱ्यासारखं, कोठारांसकट, आणि तिला ते बघायचं नव्हतं. ती बोलली होती. "वारा सुटल्यावर" म्हणायच्या आधी ती वैतागून बोलली होती, "मम, आधी ते दार लाव, किती आपटतंय, काही ऐकू येत नाही." आणि आई गेली असणार. फोनची वायर ताणून, एक पाय ओढत, तो हात वापरायला बघत जो हातात येत नव्हता. दार थांबलं नव्हतं. आणि परत येऊन तिनं ऐकलं, वारा सुटल्यावर फोन कर. आणि बरं म्हणाली. वाऱ्यात उभी राहून बरं म्हणाली. तिला वाटलं असेल का, की खरंच, हवाच गिळतेय आपल्याला? तीही टॉवरवाल्याचीच बायको. पोरगी म्हणतेय तर तसंच असेल. शब्द आपल्या तोंडातून तर नीट निघतायत, पलीकडे पोचत नसतील. थांबू या. हात लावू नये.

दिमित्रा गाडीत शिरली तेव्हा तिच्याबरोबर वारा आणि धूळ आणि पास्टीचा वास असं सगळं शिरलं. "घे," ती म्हणाली. "बाईला लिनन पाहिजे आणि लिनन परवडत नाही, बाकी सगळं ठीक आहे. मोरू? काय झालं गं?"

"काही नाही. मला एक फोन करायचाय."

"कर ना."

"घरी."

दिमित्रानं तिच्याकडे बघितलं, मग पास्टीकडे, मग परत तिच्याकडे. "मी बाहेर उभी राहते," ती म्हणाली. "केसांचं वाटोळं होईल, पण तुझ्यासाठी होऊ दे." आणि खरंच बाहेर जाऊन गाडीला टेकून, पाठ करून उभी राहिली, एका हातानं केस धरून, दुसऱ्या हातानं खात.

मोर्वेनानं लगेच नंबर लावला नाही. तिला चर्चच्या हॉलमधला तो चहा आठवला, आईला पुरून आल्यानंतरचा, काकडीचे सँडविच, ताटल्यांचा आवाज. शेजारच्या ऑड्रीबाई तिचा हात धरून सांगत होत्या, "दार आपटत होतं गं सकाळपासून. म्हटलं एव्हिस आत्ता लावेल, मग लावेल. शेवटी म्हटलं बघावं तरी. दारानं सांगितलं मला. नाहीतर कळलंच नसतं." आणि मोर्वेना मान हलवत होती. सगळ्या हॉलनं ऐकलं होतं ते. आणि चहाच्या पिंपापाशी बाप त्याच्या नेव्ह नावाच्या दोस्ताला सांगत होता, खालच्या आवाजात, कपाकडे बघत, "वर चढताच येईना, नेव्ह. असला वारा, टॉवर गुणगुणत होता. खोलीत चहा पीत बसलो होतो. टेकडीवर. घर दिसतं तिथनं. नुसता बसलो होतो." हेही तिनं ऐकलं होतं. सगळं तिच्या हातात होतं, आणि तिनं ते कधी एकाशेजारी एक ठेवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आईचे कपडे आवरताना तिनं बापाला सांगितलं, ममनं मला फोन केला होता, सकाळी, पण हवा गिळत होती, मी म्हटलं नंतर कर. क्लेम स्वेटरची घडी घालत होता. त्याचे हात थांबले. मग त्यानं बाह्या आत दुमडल्या, नीट, दोन्ही, आणि म्हणाला, "हं. गिळत असणार. गिळत असणार." आणि उठून, हत्यारांची पेटी घेऊन, मागच्या दाराची कडी बसवायला गेला. ती कडी बसव म्हणून एव्हिस वर्षभर त्याच्या मागे लागली होती.

म्हणजे त्याला तेव्हाच कळलं होतं. ज्यानं उभ्या जन्मात दुसरं काही केलं नाही, त्या माणसाला कळणार नाही? त्या दिवशी सकाळभर वाऱ्यात बसून होता तो. त्या क्षणी कळलं, स्वेटर हातात असताना, आणि त्यानं बाह्या दुमडल्या. आणि सात वर्षं दर रविवारी फोनवर तिच्याशी माशांबद्दल बोलत राहिला.

फोन वाजत राहिला. मग उचलला.

"कोण? मोरू? आज रविवार आहे का?"

"नाही, डॅड. असाच केला."

"असाच? आजारीबिजारी आहेस?"

"नाही रे."

"मग नोकरी गेली."

"डॅड."

"बरं बरं. मी विचारतो आपला. मी काय करतोय ते विचार. काही नाही करत. समुद्र नुसता पांढरा झालाय, बोटी सगळ्या बांधून ठेवल्यात, कुत्रा पलंगाखाली. नेव्ह आला होता, त्याला म्हटलं घरी जा, उडून जाशील. किती स्पष्ट येतोय ना आवाज? शेजारी बसल्यासारखी येतेस. जमिनीखालनं त्या काचेच्या तारा टाकल्यापासून हवेचा संबंधच नाही राहिला. डिश पण उतरवल्या गेल्या महिन्यात, सांगितलं ना तुला? दोन्ही. टॉवर बोडका झालाय. मी बघायला गेलो नाही."

"डॅड," मोर्वेना म्हणाली. "त्या दिवशी सकाळी वारा होता का रे?"

त्यानं कुठला दिवस म्हणून विचारलं नाही.

आता मध्ये हवा नव्हती, पाणी नव्हतं, थर नव्हते, कोणावर काही ढकलायची सोयच नव्हती. त्याचं गप्प बसणं जसंच्या तसं तिच्या कानात येत होतं. त्यात त्याचा श्वास होता, जरा घरघरणारा. फरशीवर कुत्र्याची नखं होती. छपराचा पत्रा कुठेतरी वाजत होता. दार आपटत नव्हतं, कडी पक्की होती. मोर्वेनाला एकदम टेकडीवरची ती खोली दिसली, चहाचा कप, खिडकीतून खाली दिसणारं घराचं छप्पर, आणि छपराकडे बघत नुसता बसलेला माणूस. वारा होता असं म्हटलं तर त्या वाऱ्यात तीही सापडत होती आणि तोही. वारा नव्हता तर तो टॉवरवर चढलेला होता, कामात होता, आणि ती ओल्या केसांनी बसच्या मागे धावणारी एक पोरगी होती, तिला काय कळणार.

"नव्हता," क्लेम म्हणाला.

त्यानं घसा साफ केला.

"वारा नव्हता, मोरू."

दोनदा म्हणाला. घरच्या रीतीनं, पहिलं गिळलं तर दुसरं पोचावं म्हणून. दोन्ही पोचली. गाडीबाहेर दिमित्राचे केस हातातून सुटले आणि सगळे तोंडावर आले, आणि ती पास्टी उंच धरून, डोळे मिटून, वाऱ्याला ग्रीकमध्ये काहीतरी बोलत होती. मोर्वेना तिच्याकडे बघत राहिली. काचेला कपाळ टेकलं तर काच थरथरत होती.

"बरं," ती म्हणाली. एकदाच.